रेषेच्या अलीकडची कानडी, पलीकडची मराठी

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाच्या वारसनोंदीसाठी मी सीमेलगतच्या एका तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभा होतो. पुढं साठीचे एक शेतकरी होते. डोक्याला पटका, प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी. त्यांनी छापील अर्ज माझ्यापुढं धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "मराठी ओदाक बरंगिल्ल री." मराठी वाचता येत नाही. हे गृहस्थ निरक्षर नव्हते. पिशवीत कागदांबरोबर कन्नड वर्तमानपत्राची घडी होती आणि गावातल्या जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत ते सातवीपर्यंत शिकले होते. म्हणजे ज्या महाराष्ट्रानं त्यांना कन्नडमध्ये वाचायला शिकवलं, त्याच महाराष्ट्राचा अर्ज त्यांना वाचता येत नव्हता.

मी सोलापुरात वाढलो. आमच्या वाड्यातल्या अज्जी कानडी बोलायच्या, माडीवर पद्मशाली कुटुंब तेलुगू बोलायचं, पलीकडच्या गल्लीतून उर्दू कानावर यायची. त्यामुळं कानडी मला कळते, मोडकीतोडकी बोलताही येते. अर्ज मी भरून दिला. पण तो प्रसंग मनातून गेला नाही. कारण नेमका असाच प्रसंग बेळगावात, खानापुरात, निपाणीत मराठी माणसावर येतो, आणि त्याबद्दल आपण जवळपास सत्तर वर्षं तळमळीनं बोलत आलो आहोत. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत इथल्या कानडी माणसाबद्दल मात्र आपण कधी बोलत नाही.

या प्रश्नाकडं आपण नेहमी बेळगावच्या खिडकीतून पाहतो. मला तो थोड्या लांबून पाहावासा वाटला, म्हणून मी इटालियन भाषेचा नकाशा उघडून बसलो. इटालियनच का, तर दोन्ही घरांचा आकार जवळपास सारखा आहे. इटलीची लोकसंख्या सुमारे ५.९ कोटी, कर्नाटकाची २०११ च्या जनगणनेत ६.११ कोटी. कन्नड मातृभाषा सांगणारे देशभरात ४.३७ कोटी, इटालियन मातृभाषा असलेले जगभरात साडेसहा कोटींच्या आसपास. दोन्ही भाषांना मोठं साहित्य आहे आणि जुना अभिमान आहे. दोन्ही एका मुख्य प्रदेशात एकवटलेल्या आहेत आणि दोन्ही त्या प्रदेशाच्या कडेनं बाहेर सांडलेल्या आहेत. मला रस आहे तो या सांडलेल्या भागात.

आधी कन्नड घेऊ. कर्नाटकाबाहेर ती महाराष्ट्रात सुमारे दहा लाख लोकांची मातृभाषा आहे. तमिळनाडूत त्याहून थोडे अधिक लोक ती बोलतात, होसूर आणि ताळवाडीच्या बाजूला. आंध्रात मडकशिरा, आदोनीकडं, तेलंगणात नारायणपेठ, जहिराबादकडं, गोव्यात मजुरीसाठी गेलेल्यांच्या वस्त्यांमध्ये, आणि केरळात कासरगोडला. यातली बहुतेक माणसं कुठं गेलेली नाहीत. ती होती तिथंच आहेत, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेषा त्यांच्या अंगावरून गेल्या, एवढंच. नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. मराठी वाचकाला हे वाचताना थोडं दचकायला होतं, कारण गोदावरी म्हणजे आपलं नाशिक, पैठण, नांदेड. पण श्रवणबेळगोळला, कर्नाटकाच्या अगदी पोटात, गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे मराठी वाक्य कोरलेलं आहे आणि त्याच्या शेजारी कन्नडही आहे. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांनी आपली वचनं कन्नडमध्ये लिहिली, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या काठ्यांपुढं मराठी, कानडी, तेलुगू सगळेच वाकतात. अडकित्ता, खलबत्ता, तूप, अक्का, अण्णा हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणि नात्यांत कुठून आले ते सांगायला नको. अशा प्रदेशात भाषेची सरळ रेष ओढणं कुठल्याच आयोगाला जमलं नसतं.

आता इटालियन. इटलीशिवाय ती सॅन मारिनो आणि व्हॅटिकन या चिमुकल्या राज्यांची भाषा आहे. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात आणि ग्राउब्युंडनच्या दक्षिणेकडच्या काही खोऱ्यांत ती घरोघर बोलतात. स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावर आणि क्रोएशियाच्या इस्त्रियात ती जुन्या व्हेनिसच्या राज्यापासून मुरलेली आहे. शिवाय अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथं पोट भरायला गेलेल्यांनी ती सोबत नेली. पण स्थलांतरितांची भाषा हा वेगळा विषय आहे, तो इथं बाजूला ठेवतो.

स्वित्झर्लंडचं उदाहरण बघा. तिथं इटालियन बोलणारे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे आठ टक्के आहेत. तरी १८४८ पासून ती देशाची एक भाषा आहे. संघराज्याचा प्रत्येक कायदा जर्मन, फ्रेंच आणि इटालियनमध्ये निघतो आणि तिन्ही मजकुरांना सारखंच कायदेशीर मोल असतं. इटालियन भाषकांसाठी वेगळं रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्र आहे, आणि त्याला मिळणारा पैसा त्यांच्या डोक्यांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त असतो. थोड्या लोकांसाठी वाहिनी चालवायला पैसा कमी लागत नाही, हे तिथल्या लोकांनी मान्य केलं आहे.

स्लोव्हेनिया त्याच्याही पुढं गेलं. तिथं इटालियन अल्पसंख्य जेमतेम दोन-तीन हजार आहेत, आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढे. तरी ९० जागांच्या संसदेत त्यांची एक जागा राखीव आहे. कोपर या गावाच्या पाटीवर कापोदिस्त्रिया हे इटालियन नावही लिहिलेलं असतं. पिरान हे गाव व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तीनीचं जन्मगाव, तिथल्या चौकाला त्याचंच नाव आहे आणि गल्ल्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. दोन हजार माणसं स्लोव्हेनियाचं काय वाकडं करणार होती? काहीच नाही. तरी त्यांना हक्क मिळाले. संख्येच्या जोरावर ते मिळालेच नसते.

हे चित्र इथंच थांबवलं तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. कारण त्या हक्कांमागं बराच रक्तपात आहे, आणि त्यातला मोठा वाटा इटालियन राष्ट्रवादाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर इटलीला ऑस्ट्रियाकडून दक्षिण टायरोल मिळालं. तिथले बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे होते. मुसोलिनीच्या राजवटीनं जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलून इटालियन केली, बाहेरून इटालियन कामगार आणून वसवले. पालकांनी तळघरांत, गोठ्यांत चोरून जर्मन शाळा चालवल्या. त्रिएस्त या बंदराच्या शहरात तर फॅसिस्टांनी त्याआधीच, १३ जुलै १९२० रोजी, स्लोव्हेन समाजाचं 'नारोद्नी दोम' हे सांस्कृतिक भवन पेटवून दिलं होतं. नंतर काट्याचं टोक उलटं फिरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्त्रिया युगोस्लाव्हियाकडं गेला आणि तिथल्या लाखो इटालियन लोकांनी घरंदारं सोडली. कित्येक जण मारले गेले. आज स्लोव्हेनियात उरलेले दोन-तीन हजार म्हणजे त्या मोठ्या ओघातले मागं राहिलेले थेंब आहेत.

तेव्हा इटालियन ही भाषा त्रिएस्तमध्ये दुसऱ्याला दाबणारी होती आणि पन्नास-साठ मैलांवर स्वतः दबली गेली. कुठलीच भाषा जन्मतः गरीब नसते आणि जन्मतः दांडगीही नसते. रेषेच्या कुठल्या बाजूला ती बोलली जाते, यावर तिचं नशीब ठरतं. कन्नडचं हेच आहे. कासरगोडात ती केविलवाणी आहे, बेळगावात तिच्या हातात सत्ता आहे. मराठी बेळगावात अर्ज-विनंत्या करते आणि अक्कलकोटात दुसऱ्याचे अर्ज नाकारते.

कासरगोडची गोष्ट आपल्याकडं फारशी ठाऊक नाही, म्हणून सांगतो. पूर्वीच्या दक्षिण कॅनरा जिल्ह्यातला हा तालुका १९५६ मध्ये केरळाला मिळाला. तिथल्या कन्नड लोकांनी वर्षानुवर्षं चळवळ केली. कवी कय्यार किञ्ञण्ण रै तिचा आवाज होते. ते शंभरी गाठून २०१५ मध्ये गेले, तालुका मात्र केरळातच राहिला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये कासरगोडचा काही भाग कर्नाटकाला द्यावा असं म्हटलं होतं, केरळानं ते मानलं नाही. त्याच आयोगानं बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं म्हटलं, महाराष्ट्रानं ते मानलं नाही. केरळानं २०१७ मध्ये शाळांत मल्याळम सक्तीची केली तेव्हा कासरगोडचे कन्नड पालक रस्त्यावर आले आणि त्यांची बाजू कर्नाटकातून हिरिरीनं मांडली गेली. ती बाजू शंभर टक्के बरोबर होती. मुलाच्या भाषेवर सक्ती नको, कागदपत्रं त्याच्या भाषेत मिळावीत, शाळेत त्याची भाषा जाणणारा शिक्षक असावा. बेळगावचा मराठी माणूस याहून वेगळं काय मागतो?

आणि जतचा कानडी माणूस तरी याहून वेगळं काय मागतो?

मी इथं काय म्हणतो आहे आणि काय म्हणत नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. सीमाभागाचा दावा सोडून द्या, असं मी म्हणत नाही. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, महाराष्ट्रानं ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, आणि त्या गावांतल्या तीन पिढ्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण रेषा हलेल तेव्हा हलेल, माणसाला त्याच्या भाषेत वागणूक आजच मिळाली पाहिजे. आणि महाराष्ट्रानं ती आपल्या हद्दीतल्या कानडी माणसाला स्वतःहून, कुणाच्या सौद्याची वाट न पाहता द्यावी.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: आधी त्यांनी द्यावं, मग आपण बघू. हे उत्तर देणाऱ्याचा राग मला समजतो. बेळगावात मराठी फलकांवरून झालेली दांडगाई, महापालिकेतलं राजकारण, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला होणारा बंदोबस्त, यातलं काही खोटं नाही. पण या वादात दोन्ही बाजूंची सरकारं एकमेकांकडं बोट दाखवत बसली आणि सामान्य माणूस दोन्हीकडं तसाच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांवर दगड पडले, फेब्रुवारी २०२५ मध्ये एका वाहकाच्या मारहाणीवरून एसटीच्या फेऱ्या थांबल्या. त्यात अडकले ते कोल्हापूरला दवाखान्यात निघालेले निपाणीचे लोक आणि बेळगावला माहेरी निघालेल्या गडहिंग्लजच्या लेकी. वाट पाहण्याची किंमत हीच माणसं देतात.

आणखी एक गोष्ट आपण मराठी माणसांनी ऐकून घ्यायला हवी. कन्नड माणसाला मराठीची भीती का वाटते? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या धारवाड, बेळगाव भागात शाळा आणि कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता. कन्नड मुलं मराठीतून शिकत होती. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणखात्यातल्या माणसांनी कन्नड शाळांसाठी धडपड केली, १८९० मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला, तो या पार्श्वभूमीवर. ती आठवण तिथल्या लोकांच्या मनात आहे. त्या आठवणीमुळं आज बेळगावात मराठीची गळचेपी करणं योग्य ठरत नाही. पण समोरच्याच्या मनातली सल कुठली आहे हे ठाऊक असेल तर बोलणं तरी होऊ शकतं. आपण ती सल कधी कबूलच केली नाही.

त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे जन्मले. घरची भाषा मराठी, आणि कन्नडमधले ते विसाव्या शतकातले फार मोठे कवी. १९४४ ते १९५६ ही वर्षं त्यांनी माझ्या सोलापुरात कॉलेजात शिकवलं. मराठीतही त्यांनी लिहिलं. त्यांना पुढं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडसाठी. आणि जी. ए. कुलकर्णी आयुष्याचा मोठा काळ धारवाडात राहून मराठीत लिहीत राहिले. या दोघांना एकाच गावात आपापली भाषा लिहिताना अडचण वाटली नाही. अडचण कचेरीतल्या खिडकीवर सुरू होते.

दक्षिण टायरोलमध्ये ती खिडकी कशी बदलली ते पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियात करार झाला, पण तो कागदावरच राहिला. जून १९६१ मध्ये एका रात्री विजेचे खांब स्फोटानं पाडले गेले. मग वाटाघाटी झाल्या आणि १९७२ मध्ये नवा स्वायत्ततेचा कायदा आला. ऑस्ट्रियाला जमीन परत मिळाली नाही. जर्मन भाषकाला मात्र कचेरीत, न्यायालयात आपल्या भाषेत बोलण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा हक्क मिळाला. सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा लागते. नोकऱ्या भाषांच्या प्रमाणात वाटल्या जातात. २०११ च्या मोजणीत तिथं सुमारे ६९ टक्के जर्मन, २६ टक्के इटालियन आणि साडेचार टक्के लादिन या तिथल्या छोट्या भाषेचे भाषक होते, आणि राजधानीच्या पाटीवर बोल्झानो आणि बोत्सेन ही दोन्ही नावं आहेत. हे सगळं गोडगोड नाही. मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात, एका गावात राहून एकमेकांना परकी राहतात, अशी टीका तिथलेच लोक करतात. पण १९९२ मध्ये ऑस्ट्रियानं संयुक्त राष्ट्रांपुढं वाद मिटल्याचं कळवलं आणि आज दक्षिण टायरोल हा इटलीतल्या सर्वांत सुखवस्तू प्रांतांपैकी एक आहे.

कुणी म्हणेल, ते युरोप, पैसेवाले. पण तिथं दोन सार्वभौम देश होते, मधे सैन्य होतं, युद्धं झाली होती. इटलीतलं गोरिझिया आणि स्लोव्हेनियातलं नोव्हा गोरित्सा या जुळ्या गावांमधून १९४७ ची आंतरराष्ट्रीय सीमा जाते, रेल्वे स्टेशनासमोरच्या चौकाच्या मधून. २००४ मध्ये तिथलं कुंपण निघालं आणि २०२५ मध्ये दोन्ही गावं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. जुलै २०२० मध्ये, नारोद्नी दोम जाळल्याला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, इटलीनं ते भवन स्लोव्हेन समाजाला परत देण्याचा करार केला आणि दोन्ही राष्ट्राध्यक्ष हातात हात धरून मृतांच्या स्मारकांपुढं उभे राहिले. आपल्याकडं तर कोगनोळीच्या नाक्यावर पासपोर्टही लागत नाही. एक देश, एक संविधान, दोन्हीकडं तोच पांडुरंग.

आणि संविधानात सोय नाही असंही नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० क आणि ३५० ख ही कलमं आली. पहिलं सांगतं की अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं. दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमतं, जो राष्ट्रपतींना अहवाल देतो. तो अहवाल देऊ शकतो, हुकूम देऊ शकत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. ज्या भागात किमान १५ टक्के लोक एखादी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं धोरण केंद्र आणि राज्यांनी १९६१ पर्यंत ठरवलेलं आहे. बेळगावची मराठी जनता याच धोरणावर बोट ठेवून परिपत्रकं मागते. अक्कलकोट, जतच्या कानडी गावांत ते आपण मनापासून पाळलं तर बेंगळुरूकडं बोट दाखवताना आपला हात थरथरणार नाही.

महाराष्ट्राचं एक कौतुकही करायला हवं. बालभारती कन्नड पाठ्यपुस्तकं छापते, दहावीची परीक्षा कन्नडमधून देता येते. म्हणजे पाया घातलेला आहे. पण दहावीनंतर त्या मुलाच्या भाषेला कचेरीत, दवाखान्यात, बसच्या पाटीवर जागा नाही, त्यामुळं पालक मुलांना कन्नड शाळेतून काढतात आणि मग पट कमी म्हणून शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते. बेळगावच्या मराठी शाळांची कहाणी याहून वेगळी नाही.

मला फार मोठं काही नको आहे. कन्नड गावं असलेल्या तालुक्यांत महसूल, आरोग्य आणि शिधापत्रिकेचे अर्ज दोन्ही भाषांत छापावेत. गावाच्या पाटीवर मराठीखाली कन्नड नाव लिहावं. तहसीलमध्ये कन्नड जाणणारा एक तरी कर्मचारी असावा आणि त्या कौशल्याबद्दल त्याला वेगळा भत्ता मिळावा. कन्नड शाळांत रिक्त जागी कन्नड शिक्षकच नेमावा, उर्दू किंवा मराठी शिक्षक पाठवून जागा भरली असं दाखवू नये. याला विधानसभेत ठराव लागत नाही, न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद मनावर घेतील तर पुढच्या जूनपर्यंत यातलं बरंच होईल.

त्या दिवशी कचेरीत मी एकेक रकाना मराठीत वाचत गेलो, त्याचा अर्थ कानडीत सांगत गेलो, आणि ते कानडीत उत्तर देत गेले. वडिलांचं नाव, गट क्रमांक, मृत्यूची तारीख, वारसांची नावं. सहीच्या जागेशी आलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा पुसला आणि कन्नड अक्षरांत सावकाश, वळणदार सही केली. पूर्ण अर्जातलं तेवढंच त्यांचं स्वतःचं होतं.